डंकावरचा खोकला

होळी जवळ आली की आमची सगळी गल्ली खोकायला लागते. दोष आमचाच. घराच्या पुढच्या खोलीत आमचा मिरची कुटायचा डंक आहे. जमिनीत रोवलेली उखळं, त्यात वरखाली आपटणारी लोखंडी मुसळं, आणि मोटर सुरू झाली की कॅलेंडरसकट हलणाऱ्या भिंती. वर्षाची चटणी करून घ्यायला बायका होळीपासून वळवाच्या पावसापर्यंत दारात रांग लावतात. कुणाच्या पिशवीत संकेश्वरी मिरची, कुणाच्या ब्याडगी, बरोबर भाजलेले धणे, तीळ, सुकं खोबरं आणि शेवटी घालायला कांदा-लसूण. उखळातून तिखट उठतं ते थेट कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जातं. समोरचा शिंपी त्या दिवसांत दुपारी दुकान बंद करून घरी झोपायला जातो. आमच्या दारात उभं राहून कुणी एक वाक्य सलग पुरं केलेलं मला आठवत नाही.

आईला याचा फार अभिमान. लग्न होऊन आली तेव्हापासून ती उखळाशी बसली, आणि गुडघे गेले तेव्हाच उठली. "आमच्या घरात जंतू टिकतोय व्हय?" ती म्हणायची. "मिरचीनं उंदीर पळत्यात, जंतूचं काय घिऊन बसलाईसा!" कोरोनाच्या साथीत गल्लीतली निम्मी घरं आडवी झाली आणि आम्ही सगळे उभे राहिलो, तेव्हापासून तर हे म्हणणं गल्लीनंही मान्य करून टाकलं. मी एका कचेरीत कारकुनी करते. लग्न केलेलं नाही, त्यामुळे या घरात माझं मत कुणी विचारत नाही, तरी मी ते देते. पण या बाबतीत मलाही आईचं पटायचं. इतक्या तिखटात काय जगणार, असंच वाटायचं.

आईनंतर उखळाशी माझी वहिनी बसायला लागली. ती गगनबावड्याकडची, वर्षातले चार महिने धुकं आणि पाऊस बघून वाढलेली. पहिल्या हंगामात ती दिवसभर रडत होती आणि माझा दादा मोटरपाशी उभा राहून हसत होता. "रडू नगंस, मिरची हाय ती, सासू न्हाय!" आई आतून ओरडायची, "सासू बी हितंच हाय की रं!" पुढं ती असं शिकली की मुसळ वर गेलं न गेलं तोवर तिचा हात उखळात जाऊन मिरची सारून परत यायचा. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकायचा, तिचा हात कधी चुकला नाही. नाकातोंडावर ती जुन्या सुती लुगड्याचं फडकं बांधायची. ही फडकी संध्याकाळपर्यंत लालभडक व्हायची, म्हणून ती वेगळ्या बादलीत धुवायची आणि गच्चीत वेगळ्या दोरीवर वाळत घालायची, असा घरचा नियमच होता. नाहीतर सगळ्यांच्या अंगाची आग.

दोन-तीन वर्षांपूर्वी असाच हंगाम संपला. पाऊस सुरू झाला, दादानं मोटरवर पोतं टाकलं, खिडक्या उघडल्या. दर वर्षी या दिवसांत आमचे घसे मोकळे होतात. आई पुन्हा भजनाला जाते, दादा फोनवर ओरडून बोलायला लागतो. त्या वर्षी सगळ्यांचे घसे मोकळे झाले, वहिनीचा झाला नाही.

"छातीत तिखट बसलंय," आई म्हणाली. "पाऊस पडू दे, उतरंल हळूहळू." अळशीचा काढा झाला, ज्येष्ठमध झालं, मधात आल्याचा रस झाला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तपासून घ्या, असं रंगवलेली भिंत मी रोज कचेरीत जाताना बघत होते. ती भिंत गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होती. पण आमच्याकडं खोकला आठवड्यांत मोजत नाहीत, हंगामात मोजतात. भिंतीवरचं लिहिलेलं दुसऱ्या कुणासाठी तरी आहे, असंच आमचं चाललं होतं.

गौरी आल्या. गौरींना ओवाळताना वहिनीनं हात वर केला आणि तिच्या काचेच्या बांगड्या खळकन कोपरापर्यंत उतरल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ते बघितलं. "काय गं, काय खातीस तरी काय? किती बारीक झालीस!" एकीनं तर तिला कोपऱ्यात नेऊन उपाय विचारला. वहिनीला बरं वाटलं. दादाच्या जोडीनं मटणाच्या वाट्या रिचवून तिचं अंग सुटलं होतं, ते उतरलं म्हणून ती खूश होती. तिनं ब्लाउज आत घेतले, पुन्हा घेतले. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि इथं काकणंच सांगत होती, पण आम्ही सगळ्या तिचा हेवा करत बसलो.

मला पहिल्यांदा भीती वाटली ती एका रविवारी. आमच्याकडं रविवार म्हणजे मटण, त्यात काही विचारायचं नसतं. वहिनीनं तांबडा रस्सा वाटीत घेतलाच नाही. पांढऱ्या रश्श्यात भात कालवला, दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. "वास नको वाटतोय," ती म्हणाली. दादा हसला. "कोल्हापुरात ऱ्हाऊन रस्सा नको? बावड्याला सोडून येऊ काय?" ती पण हसली आणि त्या हसण्यात तिला खोकला आला. तो संपेना. ती भिंतीला धरून उठली, मोरीत गेली, आणि आम्ही तिघं समोरच्या रश्श्यावर गोठत चाललेल्या तेलाकडं बघत बसलो. मी म्हटलं, हिला उद्या डॉक्टरकडं ने. दादा म्हणाला, नेतो की.

गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला बघितलं. त्यांच्या दवाखान्यातही उन्हाळाभर आमचं तिखट जात असे. आम्हाला बघितलं की त्यांना आपोआप खोकला आठवायचा. "मिरचीची ॲलर्जी," ते म्हणाले. "डंक बंद करा, नाहीतर हिला तरी लांब ठेवा." गोड औषधाची बाटली दिली. डंक तर बंदच होता, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि आमच्याही.

त्यानंतर घरात काहीतरी शिरलं आहे असं मला वाटायला लागलं. ते दिसत नव्हतं, पण रोज ठरल्या वेळी यायचं. दिवेलागणीला वहिनी देवापाशी दिवा लावायची आणि तिथंच शाल ओढून बसायची. कपाळाला हात लावला तर कढत. "दमलिया," आई म्हणायची. सकाळी ताप नाही. सकाळी मात्र तिच्या उशीचा अभ्रा दोरीवर दिसायचा. रोज अभ्रा कशाला धुतेस, म्हणून मी विचारलं. "घाम येतोय ओ वन्सं, भिजून जातंय," ती म्हणाली. बाहेर थंडी पडायला लागली होती. दुपारी ती बरी असायची, स्वयंपाक करायची, माझी चेष्टाही करायची, आणि मला वाटायचं उगाच घाबरले. मग संध्याकाळ व्हायची.

दसरा झाला की दिवाळीआधी थोडी गिऱ्हाइकं येतात. ज्यांची चटणी संपली, ज्यांच्याकडं लग्नकार्य आहे, अशी. दादानं पोतं काढलं, पट्टा चढवला. वहिनीनं फडकं बांधलं आणि बसली. मी तिला अडवलं तर म्हणाली, "मग कोण बसणार? तुमी बसताईसा काय?" मुसळाखालून हात काढायची माझी छाती नाही, हे तिला ठाऊक होतं. चार दिवस डंक चालला. घरातलं प्रत्येक जण खोकत होतं, आणि तिचा खोकला पुन्हा आमच्या खोकल्यात मिसळून गेला. खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं.

त्या रविवारी दुपारी आई गुडघे धरत गच्चीत आली. वाळलेले कपडे काढायला मी वर गेले होते. फडक्यांच्या दोरीपाशी आई थांबली. एक फडकं तिनं हातात घेतलं, उन्हात धरलं. मिरचीचा डाग कितीही गडद असला तरी उन्हात उडतो. सकाळी नारिंगी, दुपारी पिवळट, संध्याकाळी नाहीसा. आमच्या फडक्यांना कधी साबण घासावा लागला नाही, सगळं काम ऊन करायचं. या फडक्याच्या मधोमध रुपयाएवढा डाग होता आणि तो उडाला नव्हता. उन्हानं तो तपकिरी झाला होता. आईनं फडकं नाकाशी नेलं आणि जोरात वास घेतला. मी शिंकेची वाट बघत होते. ती आली नाही. तिनं पुन्हा वास घेतला. मग दुसरं फडकं काढलं, तिसरं काढलं.

"ह्यात मिरची न्हाय," आई म्हणाली.

ती तिथंच टाकीच्या कट्ट्यावर बसली. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. खाली मुसळं आपटत होती आणि त्यांच्या मधून वहिनीचा खोकला येत होता. आता तो मला सगळ्यांतून वेगळा ऐकू यायला लागला. तो आधीपासूनच वेगळा असणार.

आम्ही खाली जाऊन तिला विचारलं. तिनं डोळे मोठे करून फडक्याकडं बघितलं. "मला मिरचीच वाटली की ओ आत्ती," ती आईला म्हणाली. "तोंडात खारट लागत हुतं, मी म्हटलं तिखटच उतरतंय."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या बाईंनी तिला डबी दिली आणि सकाळी उठल्याउठल्या छातीतून आलेला बेडका आणा म्हणून सांगितलं, नुसती थुंकी नको. छातीचा फोटो काढला. तरुण डॉक्टरीण होती, माझ्यापेक्षा वयानं बरीच लहान. तिनं फोटो उजेडावर धरला. वरच्या बाजूला पांढरट डाग, त्यात काळं भोक. "किती दिवसांचा खोकला आहे?" आम्ही बोटांवर महिने मोजायला लागलो. "ताप संध्याकाळचा? वजन? रात्री घाम? जेवण?" तिच्या प्रत्येक प्रश्नाला मान हलत होती. या सगळ्या गोष्टी आम्ही बघितल्या होत्या. आमच्याकडं त्यांची वेगवेगळी नावं होती, एवढंच. टीबी हे तिनं बेडक्याचा रिपोर्ट आल्यावर सांगितलं, पण मला ते फोटो बघतानाच कळलं होतं.

"घरात आणखी कुणाला खोकला आहे?" तिनं विचारलं.

"आमच्या घरात समद्यांनाच असतोय बाई," आई म्हणाली.

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. मग म्हणाली, सगळ्यांनी तपासून घ्या, एकालाही सोडू नका. मी आणि आई त्याच आठवड्यात तपासून आलो. काही निघालं नाही. दादा आला नाही. मोटरचं काम निघालं, मग पट्टा तुटला, मग एका लग्नाची चटणी पोचवायची राहिली. "मला काय धाड भरलीया?" तो म्हणायचा. तालमीतलं अंग त्याचं, अजून रोज संध्याकाळी दूधकट्ट्यावर उभं राहून म्हशीचं दूध पितो. "हिला झालंय, हिचं बघूया. मी खोकतोय ते मिरचीनं."

वहिनीला आम्ही डंकाच्या खोलीत ठेवलं, कारण तिथल्याच खिडक्या मोठ्या होत्या आणि वारा खेळता राहू द्या असं सांगितलं होतं. बंद मुसळांच्या शेजारी तिची कॉट. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा पहिल्याच दिवशी ती घाबरून मोरीतून बाहेर आली. लघवी लाल-नारिंगी झाली होती. औषधाचा रंग असतो, हे आम्हाला सांगितलेलं होतं, पण बघितल्यावर धीर सुटला. "घ्या, मिरची तिकडनं पण निघाली," ती म्हणाली आणि रडायला लागली. ते पहिले आठवडे फार वाईट होते. गोळ्यांनी तिला मळमळायचं, पोटात काही राहायचं नाही, गालफडं बसली. सकाळी चहा घेऊन जाताना मी दारातच थांबून तिची छाती हलते का ते बघायचे. ती मरेल असं मला रोज वाटायचं. हे मी कुणाला बोलले नाही, आईही बोलली नाही, पण तीही दारात थांबायची.

तिचा भाऊ गगनबावड्याहून एस.टी.नं आला. नाचणीचं पीठ, तांदूळ, आणि डब्यातलं तूप पायरीवर ठेवलं आणि तिथूनच बोलला. "आत या की पावणं," दादा म्हणाला. "गाडी हाय," तो म्हणाला. त्याचा चहा पायरीवरच निवला. वहिनी खिडकीतून बघत होती. तो गेल्यावर तिनं तूप आत मागवलं आणि चमच्यानं नुसतंच खाल्लं. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की ते तूप फेकून द्यावंसं वाटत होतं. ती मात्र म्हणाली, "तूप चांगलं हाय ओ वन्सं, म्हैस आमचीच हाय."

थंडी सरता सरता संध्याकाळचा ताप येईनासा झाला. अभ्रे दोरीवर दिसेनात. आणि एका सकाळी ती म्हणाली, "आत्ती, तांबडा रस्सा खावा वाटतोय." त्या दिवशी संकष्टी होती. आईनं गणपतीसमोर उभं राहून मोठ्यानं माफी मागितली आणि दादाला मटण आणायला पिटाळलं. वहिनी दोन वाट्या रस्सा प्यायली. तिच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि आई पदरानं स्वतःचेच डोळे पुसतेय. आम्ही सगळे तिच्या वाटीकडं बघत होतो. ताटं उचलायला मी उठले तेव्हा दादाच्या ताटात रस्सा तसाच होता, वर तेल गोठलेलं.

"पोट भरलं," तो म्हणाला.

मी बघत राहिले. मग मला बाकीचंही दिसायला लागलं. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं. "बायकोच्या काळजीनं वाळलाय बिचारा," गल्ली म्हणत होती, आणि त्याला ते आवडत होतं. संध्याकाळी तो कट्ट्यावर जायचा बंद झाला होता. मी त्याला दवाखान्यात चल म्हटलं, आईनं शपथ घातली, वहिनीनं दोन दिवस अबोला धरला. तो म्हणाला, हंगाम होऊ दे. होळी तोंडावर आली होती. त्याच्याशी भांडून मी कचेरीत जायचे आणि ती रंगवलेली भिंत आली की मान फिरवायचे.

डंक सुरू झाला. वहिनीला तिखटापासून लांब राहायला सांगितलेलं, म्हणून ती दाराबाहेर खुर्ची टाकून, मास्क लावून, रांग सांभाळत बसायची. मोटरचं बटन दाराच्या चौकटीला होतं, ते तिच्या हाताशी. उखळाशी दादा बसला, तिचं फडकं नाकाला बांधून. दोनच दिवसांत गल्ली नेहमीसारखी खोकायला लागली. शिंपी झोपायला गेला. मला त्या आवाजाची इतकी धास्ती बसली होती की मी कानात बोळे घालून भाकऱ्या थापत होते.

तिसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी मुसळं थांबली. मी बाहेर आले. बायका ओरडत होत्या, "लाइट गेली काय?"

"लाइट हाय," वहिनी म्हणाली. तिचा हात बटनावर होता. ती आत बघत होती, दादाकडं नाही, नुसतीच आत, कान लावून.

तिखट हळूहळू खाली बसायला लागलं. एका बाईनं शेवटची शिंक दिली, पदरानं नाक पुसलं. दुसरीनं खाकरून घसा साफ केला. आई पाणी प्यायली. एकेकीचा आवाज बंद होत गेला आणि खोलीत शांतता झाली. त्या शांततेत दादा खोकत होता. तोंड मिटून दाबायचा प्रयत्न केला त्यानं, मान खाली घातली, फडकं दोन्ही हातांनी धरलं. थांबलं नाही. तालमीतले ते खांदे नुसते उडत होते.

"चालू कर की गं," तो मधेच कसाबसा म्हणाला. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

"थांबा," वहिनी म्हणाली. "मला ऐकू द्या जरा."

तिनं बटनावरचा हात काढला नाही, आणि आम्ही सगळ्या त्याचा खोकला ऐकत उभ्या राहिलो.